महाराज वेडे होते काय?

आम्हां कोल्हापूरकरांना एका वादाचा कधी कंटाळा येत नाही. चौथे शिवाजी महाराज खरोखरच वेडे होते, की त्यांना वेडे ठरविण्यात आले? 1871 साली ते दत्तक म्हणून गादीवर आले. कारभारी बर्वे महाराजांचा छळ करतात, असा गवगवा ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. बर्व्यांनी फिर्याद केली, आधाराची पत्रे बनावट ठरली आणि 1882 साली टिळक-आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहून आले. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, नगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या राखणदाराशी झालेल्या झटापटीनंतर महाराज वारले. वय अवघे वीस!

आगरकर शिकवताना मी ही हकीकत सांगतो आणि मुले हटकून तोच प्रश्न विचारतात. एका वर्षी मात्र मागल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “वेडे असले म्हणून काय झालं, सर? अंगावर हात टाकायचा होय?”

वर्ग गप्प झाला. महाराजांचा कैवार घेणारे आपण सारे, ते शहाणे होते हे सिद्ध करण्यात गुंतलो. जणू शहाण्यालाच तेवढा मार लागतो!

आपल्या घरांतून तरी निराळे काय चालते? “जरा डोक्यावर परिणाम झालाय,” असे आपण कुजबुजतो. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवतो. लग्न केले की सुधारेल, म्हणून एका परक्या मुलीचाही बळी देतो. दवाखान्यात प्रश्न त्याला, उत्तर आईचे! तो रागावला तर आजार वाढला. गप्प बसला तरी आजारच. राखणारी माणसेही थकतात, हे खरे. रात्र-रात्र जागणाऱ्या आईला किंवा एकट्याने पुष्कळ रोगी सांभाळणाऱ्या परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. त्यांनाही विसावा हवा. पण थकवा हा मारण्याचा परवाना नव्हे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आणि त्याला सन्मानाने जगण्याचा हक्क दिला. कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत येईल; माजघरात आपणच जायला हवे. या दिवाळीत फराळाचे ताट आतल्या खोलीत पाठवू नका. त्याला पंक्तीला बसवा आणि काय वाढू, हे त्याच्या आईला नव्हे, त्यालाच विचारा.