रेषाचित्राचें साधन कसें असावें?

संगणकावर चित्र काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत चित्र म्हणजे सूक्ष्म रंगीत ठिपक्यांची जाळी; छायाचित्र असेंच असतें व फार मोठें केलें कीं त्याच्या कडा दातेरी दिसतात. दुसरींत चित्र म्हणजे कांहीं बिंदु व त्यांस जोडणाऱ्या वक्र रेषांचें गणित. तें कितीही वाढविलें तरी कड स्वच्छ राहते. ह्यास व्हेक्टर चित्र म्हणतात. आपण रेषाचित्र म्हणूं.

ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या उपनगरांतच घडलें. पवईच्या आय. आय. टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत शिकलेले डी. उदय कुमार यांनीं रेखाटलेलें रुपयाचें चिन्ह भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. तें नाण्यावर नखाएवढें व दुकानाच्या पाटीवर हातभर असलें, तरी आकार तोच राहतो.

अशीं चित्रें काढणाऱ्यांस आपल्या सॉफ्टवेअरकडून काय हवें असतें? पहिली अपेक्षा, थोडक्या बिंदूंत डौलदार वळण. मोटारींचे आकार रेखाटण्यासाठीं फ्रान्समधील रेनो कारखान्याचे अभियंते पिएर बेझिए यांनीं ज्या वक्ररेषा प्रचारांत आणल्या, त्याच आज वेलांटीचें वळण घडवितात. बिंदु फाजील झाले कीं रेष थरथरते. दुसरी, एकमेकांवर चढलेले आकार एकजीव करण्याची सोय. पाटीचीं अक्षरें कापणारें यंत्र रेषेबरहुकूम चालतें; शिरोरेघा नुसत्या एकावर एक असल्या, तर सुरी सांध्यावरही फिरते. तिसरी, एकांत काढलेलें चित्र दुसऱ्यांत उघडावें. याकरितां २००१ सालीं एस. व्ही. जी. हा खुला नमुना जाहीर झाला; इंकस्केप हें विनामूल्य सॉफ्टवेअर त्याचाच अंगीकार करतें.

परंतु आमच्या मतें मराठी कारागिराची मुख्य मागणी निराळीच आहे. रोमन अक्षरें एकापुढें एक बसतात. देवनागरीचें तसें नाहीं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनामागून येते, पण लिहिली जाते अगोदर. रफार पुढल्या अक्षराच्या माथ्यावर चढतो. जोडाक्षरांत व्यंजनें रूप बदलतात. ही जोडणी न जाणणाऱ्या साधनांत ‘ख्रिस्ती’ लिहिलें, तर वेलांटी भलतीकडे पडते व ‘ख’चा पाय मोडलेला दिसतो. शिवाय छापावयास पाठवितांना अक्षरांचे नुसते आकार करून ठेवण्याची वहिवाट आहे. मग नांव आपल्याला वाचतां येतें, पण संगणकाच्या लेखीं तें चित्रच. एक मात्रा चुकली तरी टंकलेखनानें सुधारतां येत नाहीं. घाईंत दुरुस्ती राहून जाते, आणि प्रमाणपत्रावर मुलाचें किंवा स्मृतिशिलेवर आजोबांचें नांव कायमचें चुकतें. म्हणून अक्षर शेवटपर्यंत अक्षर राहावें, ही मागणी क्षुल्लक नव्हे.

ह्या लिपीसाठीं मुंबईनें पूर्वींही कष्ट घेतले आहेत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला व आपल्या सुबक टाइपानें नांव मिळविलें. पुढें पवईच्या त्याच केंद्रांत अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांनीं संगणकासाठीं ‘मंगल’ हा टाइप रेखाटला.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, कोणतेंही सॉफ्टवेअर निवडतांना रंगांची संख्या मागाहून मोजा. प्रथम आपलें पूर्ण नांव त्यांत लिहून पाहा. वेलांटी, रफार व जोडाक्षर जागच्या जागीं आलें आणि नंतर दुरुस्तीही करतां आली, तरच तें साधन आपल्या उपयोगाचें. पालकांनींही पत्रिका वा पाटी करावयास देतांना प्रूफ स्वतः वाचल्यावांचून संमति देऊं नये.