मोबाईलच्या काचेवर बोट कां चुकतें?

आमच्या ओळखीच्या एका बागाइतदारांनीं गेल्या पावसाळ्यांत मोबाईलवर आपल्या जमिनीचा सातबारा काढला. विभाग कोंकण, जिल्हा पालघर, तालुका वसई, आणि गांव, येथवर सर्व बिनचूक झालें. शेवटीं नंबरांच्या यादींत 45/1 वर बोट ठेवलें आणि उतारा आला तो 45/10 चा, म्हणजे चुलतभावाच्या हिश्शाचा. नांवें एकाच घराण्याचीं असल्यामुळें घाईंत ती चूक ध्यानांत आली नाहीं. फी भरून घेतलेला तो उतारा कर्जाच्या अर्जास जोडला गेला, अर्ज परत आला, आणि दोन खेपा फुकट गेल्या. "आमचीं बोटें कुदळ धरणारीं, या काचेवर तीं नीट कशीं चालणार?" असें ते आम्हांस म्हणाले.

आपल्या तालुक्यांत पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन एकेका नंबराचे अनेक हिस्से पडले आहेत, आणि यादींत ते एकाखालीं एक दाटीनें उभे असतात. त्यांत 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन पिकाची नोंदही शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावी असें ठरलें. तेव्हां काचेवर बोट नेमकें पडणें ही आतां चैनीची बाब राहिली नाहीं. मात्र दोष सर्वस्वी बोटाचा, हें आम्हांस मान्य नाहीं. कांहीं दोष हाताच्या स्थितीचा असतो व तो आपला आपणांस दूर करतां येतो. परंतु मोठा वांटा पान मांडणाराचा असतो. (वसईच्या वाचकांस पान म्हटलें म्हणजे प्रथम नागवेलीचें आठवेल, येथें आम्ही वेबसाइटच्या पानाविषयीं बोलत आहों.)

काच बोट ओळखते ती दाबामुळें नव्हे, हें आधीं समजून घ्यावें. काचेखालीं डोळ्यांस न दिसणाऱ्या विद्युद्वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते, आणि उभी पट्टी आडवीस जेथें छेदते तेथें अल्पसा विद्युद्भार सांठलेला असतो. आपलें शरीरही विजेचें वाहक असल्यामुळें बोट जवळ येतांच त्या ठिकाणचा भार किंचित् बदलतो. हा बदल सेकंदांत अनेक वेळां मोजून यंत्र बोटाची जागा ठरवितें. या तत्त्वावरील पडद्याचें वर्णन इंग्लंडांतील ई. ए. जॉन्सन यांनीं 1965 सालींच प्रसिद्ध केलें होतें. लोकांच्या हातीं तो सर्रास आला मात्र 2007 सालीं आयफोन निघाल्यानंतर. म्हणून बोट जोरानें दाबल्यानें कांहीं साधत नाहीं. उलट पेर चपटें होऊन स्पर्शाचा डाग पसरतो व चुकण्याचा संभव वाढतो.

आतां आपल्या कामाकडे पाहूं. पहांटे कळ्या खुडून दादरच्या फुलबाजारास माल धाडणाराचा हात दंवानें भिजलेला असतो. पाणीही विजेचें वाहक आहे. काचेवर तें पसरलें कीं यंत्रास एकाच्या जागीं दोन स्पर्श दिसतात किंवा स्पर्श भलतीकडे भासतो. केळीचा चीक बोटावर वाळला असेल, किंवा कुदळीच्या दांड्यानें घट्टे पडले असतील, तर याच्या उलट घडतें: भारांतील बदल इतका अल्प होतो कीं स्पर्श ओळखलाच जात नाहीं, आणि मनुष्य पुन्हा पुन्हा बोट आपटतो. तिसरें कारण फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. हलक्या प्रतीचा चार्जर लावलेला असतांना त्याच्या विजेंतील गडबड काचेच्या मोजमापांत मिसळते व बोट न लावतांही स्पर्श झाल्यासारखें होतें. तेव्हां महत्त्वाचें काम करण्यापूर्वीं हात धुवून कोरडा करावा, काच सुती फडक्यानें पुसावी, चार्जर काढून ठेवावा आणि घट्टा नसलेलें बोट वापरावें. कित्येक फोनांत काचेची संवेदनशीलता वाढविण्याची सोय असते. वर जाड संरक्षक काच बसविलेली असल्यास ती सुरू करावी.

परंतु हात स्वच्छ व कोरडा असूनही नेम चुकतो, आणि खरी गोष्ट येथें आहे. बोटाचा काचेवर उमटणारा डाग सुमारें 8 ते 10 मिलिमीटर रुंद असतो. यंत्र त्या डागाचा मध्य काढून ब्राउझरास एकच बिंदु कळवितें. आपण नेम धरतों तो वरून दिसणाऱ्या नखाच्या व बोटाच्या कडेवरून, आणि काचेस टेंकतो तो खालचा मांसल भाग. जर्मनींत पोट्सडॅम येथील क्रिश्चियन होल्झ व पॅट्रिक बाउडिश यांनीं 2010 व 2011 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेंच दाखविलें आहे. बोट कोणत्या कोनांत टेंकलें आणि मनुष्य बोटाच्या कोणत्या भागानें नेम धरतो, यावरून बिंदु ठराविक दिशेनें सरकतो. तो बोटाचा अडाणीपणा नव्हे. सामान्यतः स्पर्श आपण योजिलेल्या जागेच्या किंचित् खालीं पडतो. आमच्या मित्राचें बोट 45/1 वर ठेवलेलें असतां त्याखालील 45/10 कां निवडला गेला, याचा उलगडा यांतच आहे.

मग जागा केवढी असावी? एका हातांत फोन धरून आंगठ्यानें काम करणारांवरील 2006 सालच्या एका अभ्यासांत, सुटें बटण सुमारें 9.2 मिलिमीटर व एकापाठोपाठ एक दाबावयाचीं बटणें सुमारें 9.6 मिलिमीटर असावींत असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर 2023 मध्यें प्रसिद्ध झालेल्या वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-नियमांत किमान माप 24 पिक्सेल व अधिक चांगलें माप 44 पिक्सेल दिलें आहे. मोबाईलवर तीं अदमासें 4 व 7 मिलिमीटर भरतात. यांतील किमान माप कोरड्या, सावकाश हातास कसेंबसें पुरतें. शेतकऱ्याच्या हातास तें अपुरें आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

जुनीं पानें बारीक कां दिसतात, त्यासही इतिहास आहे. तीं संगणकाच्या रुंद पडद्याकरितां व माउसच्या टोंकदार बाणाकरितां मांडलेलीं होतीं. आयफोनच्या ब्राउझरानें अशीं पानें 980 पिक्सेल रुंद धरून मग आंखडून दाखविण्याची तोड काढली, आणि दोनदां टिचकी मारल्यास तो भाग मोठा करण्याची सोय ठेविली. परंतु दुसरी टिचकी येते कीं काय हें पाहण्यासाठीं पहिलीनंतर ब्राउझर सुमारें 300 मिलिसेकंद थांबत असे. तेवढ्यांत आपण "लागलें नाहीं" असें समजून पुन्हा बोट लावीत असूं. फोनच्या रुंदीनुसार मांडलेल्या पानांपुरती ही दिरंगाई अँड्रॉइडवरील क्रोम ब्राउझरानें 2014 सालीं व आयफोनच्या सफारीनें 2016 सालीं काढून टाकली. पान मांडतांना रुंदीची ती एक ओळ घालणें हें म्हणूनच पहिलें काम होय.

आपल्या मंडळाचें रोपांच्या व खतांच्या मागणीचें पान आम्ही पट्टी लावून मोजलें, तेव्हां एकेक ओळ 4 मिलिमीटर भरली! केळीचे मुनवे इतके खेटून कोणी लावील काय? पान करणाऱ्या तरुणास आम्हीं पुढीलप्रमाणें बदल करावयास लाविलें. ओळीची उंची 10 मिलिमीटर केली. अक्षरें मोठीं न करतांही त्यांभोंवतींची मोकळी जागा स्पर्शास पात्र करतां येते, ती केली. मालाच्या नांवाशेजारील बारीक चौकोनावरच नव्हे, तर नांवावरही बोट चालावें असें जोडून घेतलें. "मागणी पाठवा" व "रद्द करा" हीं बटणें शेजारीं होतीं, तीं एकमेकांपासून दूर नेलीं. आंकडे भरण्याच्या घरांत बोट ठेवतांच केवळ आंकड्यांचा मोठा कळफलक यावा असें केलें. चित्रें मागाहून येऊन मजकूर खालीं ढकलीत, त्यांची जागा आधींच राखून ठेविली. नेम धरल्यावर पान सरकलें तर कितीही मोठें बटण व्यर्थ. दोन बोटांनीं पान मोठें करण्यास कोणीं बंदी घातली होती, तीही उठविली. ती बंदी पानाची शोभा टिकावी म्हणून घालतात असें ऐकलें. ज्याची दृष्टि साठीनंतर मंद झाली त्यास त्या शोभेचें काय? आणि शेवटीं, मागणी जाण्यापूर्वीं निवडलेला माल व नग ठळक अक्षरांत एकदां वाचावयास मिळतो.

सरकारी किंवा बँकेचें पान आपल्या हातांत नाहीं. तेथें यादी उघडण्यापूर्वीं दोन बोटांनीं पान मोठें करावें व तें स्थिर होऊं द्यावें. हव्या ओळीच्या मध्यापेक्षां किंचित् वर नेम धरावा. बहुतेक पानांवर निवड बोट टेंकतांना होत नाहीं, उचलतांना होते. म्हणून चुकीच्या जागीं बोट पडल्याचें कळतांच तें न उचलतां बाजूस घसरवावें, निवड टळते. पैसे भरण्यापूर्वीं नंबर व हिस्सा जुन्या उताऱ्याशीं ताडून पाहावा.

आमचे मित्र आतां हिस्सा निवडण्यास नातीची वाट पाहत नाहींत. मंडळाच्या नव्या पानांत खतांची यादी अजून लांब वाटते. ती पिकवार तोडावी कीं नांवाचें पहिलें अक्षर विचारावें, याविषयीं सभासदांनीं आपलें मत कळवावें, आणि कोणत्या ओळीवर बोट चुकलें तें शक्य तर पट्टीनें मोजून लिहावें.