स्वस्त तिकीट की पॉइंट?

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तरी उमऱ्याला किंवा आखातात नोकरीला जाणारी अमरावती-अकोल्याची मंडळी बहुधा नागपूर नाहीतर मुंबईच गाठतात. तिकीट काढताना आपण फक्त भाडे विचारतो. त्या भाड्यावर पॉइंट किती, हेही विचारावे.

नागपूरहून दोह्याला जाणाऱ्या कतार एअरवेजचे उदाहरण घेऊ. तिच्या सभासदाला दोन प्रकारचे पॉइंट मिळतात : एव्हिऑस खर्च करण्यासाठी, क्यूपॉइंट दर्जा वाढण्यासाठी. बारा महिन्यांत १५० क्यूपॉइंट झाले की सिल्व्हर दर्जा मिळतो आणि जादा सामान नेता येते. क्यूपॉइंट प्रत्येक उड्डाणाचे वेगळे धरतात. नागपूर-दोहा-जेद्दा आणि परत, म्हणजे चार उड्डाणे. मात्र सर्वांत स्वस्त ‘लाइट’ भाड्यावर ते कमी मिळतात. कुटुंबाचे एव्हिऑस एकत्र करता येतात. दर्जा ज्याचा त्यालाच. म्हणून अम्मी-अब्बांचेही सभासदत्व आधीच, पासपोर्टवरील नावानेच घ्यावे. ग्रुपच्या तिकिटावर पॉइंट मिळतात का, हे एजंटला पैसे देण्यापूर्वी विचारावे.

वर्षातून तीन-चार वेळा ये-जा करणाऱ्याने एकच कंपनी धरावी. भाड्यातला फरक जादा सामानाच्या खर्चाहून कमी असेल, तरच वरचे भाडे घ्यावे. पण आयुष्यात एकदाच उमऱ्याला जाणाऱ्याने दर्जासाठी महाग तिकीट घेणे, हा आमच्या मते इस्राफच. वाचलेला पैसा सफरीत, सदक्यात कामी येईल.