ऑडॅसिटी मॅक्रो

ऑडॅसिटी मॅक्रो ही ऑडॅसिटी या मुक्त स्रोत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमधील एक सुविधा आहे. तिच्या साहाय्याने अनेक ध्वनी फाइलींवर संपादनाच्या ठरावीक क्रिया आपोआप करता येतात. २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या २.३.० आवृत्तीपूर्वी या सुविधेस 'चेन' असे नाव होते.

कार्यपद्धती

मॅक्रो म्हणजे आज्ञांची क्रमवार यादी होय. उदाहरणार्थ, ध्वनीची कमाल पातळी निश्चित करणे, शेवटी आवाज हळूहळू उतरवणे व एमपी३ स्वरूपात निर्यात करणे. निवडलेल्या प्रत्येक फाइलवर या आज्ञा त्याच क्रमाने चालतात. यादीत निर्यातीची आज्ञा नसल्यास प्रक्रिया केलेला ध्वनी जतन होत नाही. निर्यात झालेल्या फाइली स्वतंत्र फोल्डरमध्ये साठवल्या जातात. त्यामुळे मूळ फाइली अबाधित राहतात.

मर्यादा

मॅक्रो ध्वनी ऐकून निर्णय घेत नाही. एखादे मूल्य चुकीचे दिल्यास तीच चूक सर्व फाइलींत उतरते. त्यामुळे आधी एक-दोन फाइलींवर चाचणी घेणे उपयुक्त ठरते. एमपी३ स्वरूपात ध्वनीचा काही तपशील वगळला जातो. अशी फाइल संपादित करून पुन्हा एमपी३ मध्ये निर्यात केल्यास गुणवत्ता आणखी घटते व ती परत मिळवता येत नाही. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक स्वरूपात जतन करतात.