लॅव्हेंडर महोत्सवाला गेलात आणि फुलंच नसली तर?

जांभळ्या फुलांच्या सरळ रांगा, मधोमध पांढऱ्या ड्रेसमधली मुलगी आणि मागे एखादं दगडी घर. दर उन्हाळ्यात इन्स्टाग्रामवर फिरणारे असे बरेचसे फोटो दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे असतात. ते पाहून अनेक जण एका दिवसाचा बेत आखतात: सकाळी लॅव्हेंडर महोत्सव, दुपारी वायनरी. पण तारीख नीट पाहिली नाही, तर फोटोत फुलांऐवजी कापलेली झुडपं येतात.

महोत्सव नेमका कशाचा?

व्हाँतू पर्वताजवळच्या 'सो' या छोट्या गावात दरवर्षी १५ ऑगस्टला लॅव्हेंडर महोत्सव भरतो. त्या दिवशी फ्रान्समध्येही सार्वजनिक सुट्टी असते. विळ्याने लॅव्हेंडर कापण्याची स्पर्धा हे इथलं मोठं आकर्षण.

मात्र तोवर आसपासची बहुतेक शेतं कापून झालेली असतात. कारण हा फुलांचा नाही, तर कापणीचा उत्सव आहे. पीक हाती आल्यावर गावाने एकत्र यायचं, ही त्यामागची साधी कल्पना.

मग फुलं कधी दिसतात?

हे उंचीवर ठरतं. फोटोंसाठी प्रसिद्ध असलेलं व्हालॉन्सोलचं पठार तुलनेने कमी उंचीवर आहे. तिथे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बहर असतो. सो गाव त्याहून उंचावर असल्याने तिथला बहर उशिरा येतो आणि जुलैअखेरपर्यंत टिकू शकतो. म्हणजे फोटो हवेत तर जुलै, जत्रा हवी तर १५ ऑगस्ट. दोन्ही एकाच दिवशी मिळणं अवघड.

फोटोत दिसतं ते लॅव्हेंडरच असतं का?

बऱ्याचदा नाही. ते असतं 'लॅव्हेंडिन', म्हणजे लॅव्हेंडरच्या दोन जातींचा संकर. त्याची झुडपं मोठी होतात आणि तेलही कितीतरी जास्त मिळतं. पण त्याला बी धरत नाही, त्यामुळे लागवड फांद्यांच्या कलमांपासून होते. साबण आणि डिटर्जंटमधला 'लॅव्हेंडर' वास बहुतेक वेळा याचाच.

खरं लॅव्हेंडर डोंगराळ भागात येतं. त्याच्या तेलाला 'ओत-प्रोव्हान्स' हे संरक्षित नाव वापरायचं, तर पीक किमान ८०० मीटर उंचीवरचं असावं लागतं. अत्तरासाठी या तेलाला जास्त मान आहे.

लॅव्हेंडरसोबत वायनरी कशी?

चुनखडीची, पाण्याचा चटकन निचरा होणारी जमीन आणि भरपूर ऊन दोन्ही पिकांना मानवतं. डोंगर उतरून खाली आलं की व्हाँतूचे द्राक्षमळे सुरू होतात. इथली गुलाबी 'रोझे' वाइन काळ्या द्राक्षांपासूनच बनते. फक्त रस सालींसोबत थोडेच तास ठेवतात, म्हणून रंग फिका राहतो.

१५ ऑगस्टला मात्र द्राक्षं सहसा वेलीवरच असतात, तोडणी त्यानंतर सुरू होते. नाशिकची तोडणी पाहिलेल्यांना हे वेगळं वाटेल, कारण आपल्याकडे तो हंगाम जानेवारी ते मार्चचा.

एक महत्त्वाची गोष्ट. सो गावात रेल्वे नाही, त्यामुळे बहुतेक जण गाडीने जातात. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नवशिक्या चालकांसाठी ०.२ ग्रॅम. वाइन चाखून थुंकून टाकणं तिथे असभ्य मानत नाहीत, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं.

शेतकऱ्यांचं काय?

फोटो सुंदर येत असले तरी पीक अडचणीत आहे. एक छोटा तुडतुड्यासारखा कीटक झुडपं वाळवणारा रोग पसरवतो आणि दुष्काळात खचलेली झाडं लवकर मरतात. त्यातच बल्गेरियाने तेलाच्या उत्पादनात आघाडी घेतली. उत्पादन वाढल्याने दरही घसरले.

म्हणूनच फोटोसाठी रांगेत शिरून झुडपं तुडवणं किंवा फुलं तोडणं शेतकऱ्यांना खटकतं. ही बाग नाही, कुणाचं तरी उभं पीक आहे. शिवाय बहरात तिथे मधमाश्याही भरपूर असतात. फोटो बांधावरून काढा आणि तेलाची छोटी बाटली थेट शेतकऱ्याकडून घ्या.

इतक्या लांब जाणं जमणार नसेल तर?

जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहमध्येही लॅव्हेंडर फुलतं. 'सीएसआयआर'च्या अरोमा मिशनमधून तिथले शेतकरी मका सोडून या पिकाकडे वळले आणि २०२२ पासून तिथेही लॅव्हेंडर महोत्सव सुरू झाला. वायनरी नाही, पण व्हिसाही लागत नाही. निघण्याआधी एकच गोष्ट तपासा: तिथे जत्रा कधी आहे आणि फुलं कधी.