टपालाचे कोठार आवरताना

गावच्या सोसायटीचे गोदाम आपण पाहिलेच असेल. हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात. पुढे पोती उचलली जातात आणि मधे मोकळ्या जागा राहतात. पोती कमी झाली म्हणून भिंती काही आत सरकत नाहीत! ई-मेलच्या सर्व्हरचेही असेच असते.

मायक्रोसॉफ्टचा ‘एक्स्चेंज’ सर्व्हर घ्या. साऱ्या कचेरीचे टपाल तो एका मोठ्या फाईलीत, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतो. जुनी पत्रे खोडली की काही मुदतीने त्यांची पाने मोकळी होतात. पण फाईल तेवढीच राहते. ही पाने वाया जात नाहीत, नव्या पत्रांना मिळतात. ही आवराआवर सर्व्हर आपण होऊन करतो. मग सगळे गोदाम हलवायचे कशाला? बहुतेक वेळा गरजच नसते.

पण कधी अडते. एक्स्चेंजच्या २००३ सालच्या स्टँडर्ड आवृत्तीत डेटाबेसला १६ गिगाबाइटांची मर्यादा होती. ती ओलांडली की डेटाबेस बंद पडे आणि कचेरीचे टपालच थांबे. २००५ साली ती ७५ पर्यंत नेण्याची सोय झाली. अशा वेळी फाईल खरोखरच आखडावी लागे. त्यासाठी ‘ईएसईयूटिल’ नावाचे अवजार आहे. ते जुन्या फाईलीतला माल एकेक करून नव्या फाईलीत नीट रचते आणि शेवटी जुनीच्या जागी नवी ठेवते.

आता खबरदारी ऐका. आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो परत उघडतो का, तेही पाहा. नवे गोदाम बांधायला जागा हवीच: फाईलीच्या सुमारे ११० टक्के. फाईल ५० गिगाबाइटांची, तर ५५ गिगाबाइट मोकळे पाहिजेत. लोकांना आगाऊ कळवा, कारण काम तासन्‌तास चालते आणि तोवर टपाल बंद असते. डेटाबेस उतरवल्यावर तो नीट बंद झाला आहे ना, हे त्याच अवजाराने तपासा. नसेल तर पुढे जाऊ नका. वीज जाणार नाही अशी तजवीज ठेवा.

याच अवजारात दुरुस्तीचाही एक हुकूम आहे. तो खराब पाने टाकून देतो, म्हणजे कोणाची तरी पत्रे कायमची जातात. आवरायला गेलात आणि चुकून हा हुकूम दिलात, असे होऊ देऊ नका.

काम संपले की लगेच नवा बॅकअप घ्या. जुन्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, नव्या फाईलीला लागू पडत नाहीत. मग जुन्या बॅकअपवरून आजची पत्रे कशी मिळणार?

नव्या आवृत्त्यांत याहून सोपी वाट आहे. नवा डेटाबेस उघडायचा, एकेकाची टपालपेटी तिकडे हलवायची आणि रिकामा झालेला जुना काढून टाकायचा. टपाल जवळजवळ थांबत नाही. म्हणून ही वाट मोकळी असेल, तर आधी तीच धरावी.