हातकागदाची वही आणि धारेचा साचा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या नगरीचे नाव विद्येच्या इतिहासात टिकून राहिले ते तेथील जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांमुळे. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले, आणि पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांतील काही ग्रंथ संपादून कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आणले. कागदावरील जुन्या जैन पोथ्यांचे एक पान निरखून पाहिले, तर मजकुराच्या मध्यभागी पुष्कळदा एक चौकोनी कोरी जागा आढळते. ताडपत्रांच्या पोथीत दोरा ओवण्यासाठी तेथे छिद्र असे. कागद आल्यावर दोऱ्याची गरज सरली, तरी लेखनिकांनी त्या जागेचा मान राखला आणि कित्येकदा ती नक्षीने सजविली. पानातील मोकळी जागा हाही रचनेचाच भाग आहे, ही जाण असलेल्या या परंपरेच्या मुलखात हातकागदाच्या वह्यांना खिडक्या, कंगोरे आणि गोलसर कोपरे कातरण्याचे कसब शिकणे सर्वथा उचित होय.

साच्याने कागद कातरण्याची ही कृती, जिला छापखान्यांत डाय-कटिंग किंवा पंचिंग म्हणतात, आपल्याकडे अपरिचित नाही. लग्नपत्रिकेची नक्षीदार कड आणि मिठाईच्या खोक्याचा उलगडलेला आकार, दोन्ही प्लायवूडच्या फळीत पोलादी पट्ट्या बसवून केलेल्या डायनेच निघतात. घरगुती यंत्राचे तत्त्व तेच असते. ठरावीक अंतरावर बसविलेले दोन रूळ आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा, एवढाच त्याचा सरंजाम. तळपाटीवर प्लॅस्टिकची पाटी, तीवर धार वर करून ठेवलेला पातळ पोलादी साचा, साच्यावर कागद आणि कागदावर दुसरी पाटी, असा थर रुळांमधून सरकविला, की धार कागद भेदून वरच्या पाटीत किंचित रुतते आणि आकार सुटा होतो.

परंतु हातकागद हा गिरणीच्या कागदाहून निराळ्या प्रकृतीचा असतो. गिरणीत लगद्याचे तंतू बहुतांशी यंत्राच्या गतीच्या दिशेने लागतात. सुती चिंध्यांच्या लगद्यातून चाळणीने उचललेल्या तावात ते चोहोकडे पसरून एकमेकांत गुंततात, आणि एकाच तावाची जाडीही जागोजागी बदलते. त्यामुळे नक्षीचा एक भाग स्वच्छ कापला जातो, तर दुसरा दोन-चार तंतूंनी तसाच धरून राहतो. अशा वेळी आकार ओढून काढू नये. साचा न हलविता मागे पातळ कागदाची पट्टी घालून तोच थर पुन्हा फिरवावा, आणि उरलेले तंतू धारदार पात्याने अलगद तोडावेत. शंकरपाळ्यांचे कातणे जसे पिठाच्या घट्टपणावर अवलंबून, तसे या साच्याचे यश कागदाच्या पोतावर अवलंबून असते. म्हणून आरंभी घोटलेला, मध्यम जाडीचा कागद घ्यावा आणि सोपा, मोठा आकार निवडावा. जाळीदार नक्षीचे साचे, तसेच पाकळ्या व गवताच्या काड्या मिसळलेले कागद, हात बसल्यावरच घ्यावेत. संगणकाने चालणाऱ्या पात्याच्या यंत्रात तर अधिक सावधगिरी हवी. त्याच्या चिकट पाटीवरून कागद उचलताना पृष्ठभागाचे तंतू सोलून निघतात.

ऋतूंचाही हिशेब ठेवावा लागतो. वऱ्हाडातील वैशाखात कागद इतका कोरडा होतो की घडीवर तडा जाण्याचा संभव असतो. पावसाळ्यात तो दमट होऊन धारेपुढे फाटतो. जाड तावाला घडी घालण्यापूर्वी बोथट अवजाराने रेघ पाडावी, आणि खिडकीची कड घडीपासून व शिलाईच्या छिद्रांपासून पुरेशी दूर ठेवावी. अन्यथा घड्यांची शिलाई बसताच पान तेथूनच उसवते.

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ती तुघलकाच्या काळापासून चालत आल्याचे मानले जाते, आणि स्वदेशीच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था १९४० साली उभी राहिली. वाशीम जिल्ह्याच्या शेतांत आजही कापूस पिकतो, आणि सुती चिंध्यांना तर कोणत्याच गावात तोटा नाही. शाळांनी व महिला बचतगटांनी यंत्र घेण्यापूर्वी आधी एका तावाची पारख शिकावी, नंतर एकच साचा पुरता आत्मसात करावा, आणि तयार झालेली पहिली वही कपाटात न ठेवता तिच्यात नित्याचा जमाखर्च अथवा रोजनिशी लिहावयास घ्यावी. वापरात टिकणारी वही हीच या कसबाची खरी परीक्षा आहे.